कारस्थान कोणाच्या नावावर?

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसं पुस्तक छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका होत्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि पुस्तक होतं ‘स्त्रीपुरुष तुलना’. स्त्रियांची बाजू इतक्या सडेतोडपणे मांडणारं पुस्तक त्याआधी मराठीत नव्हतं, आणि आज त्याचा जो गौरव होतो तो रास्तच आहे. पण या गौरवात एक गोष्ट झाकली जाते. ताराबाई कथा-कादंबऱ्या वाचत होत्या, बारकाईने वाचत होत्या, आणि वाचून त्यांचा जो संताप झाला तो त्यांनी नावानिशी लिहून ठेवला. त्या काळातल्या कारस्थानांच्या, कपटाच्या आणि राजवाड्यातल्या भानगडींच्या लोकप्रिय गोष्टींवर बुलढाण्याच्या एका वाचक बाईचं मत आपल्याकडे छापील स्वरूपात आहे. मराठी कादंबरीचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं होतं.

ते मत आजही कामाचं आहे असं मला वाटतं, म्हणून हा लेख. ऐतिहासिक शहर, जुना वाडा, गुप्त पत्र, विश्वासघात आणि शेवटी उलगडणारं रहस्य अशी कथा आजचा वाचकही हातातून खाली ठेवत नाही. अशा कथेबद्दल आपण सहसा दोनच गोष्टी बोलतो: उत्कंठा टिकली का, आणि इतिहास खरा आहे का. ताराबाईंनी तिसरी गोष्ट विचारली. कारस्थान घडलं हे खरं, पण लेखकाने ते कोणाच्या नावावर टाकलं?

ताराबाईंच्या हातात कोणती पुस्तकं होती ते आधी पाहू. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांमध्ये राजे होते, राजकन्या होत्या, कपटी सल्लागार होते, ताटातूट आणि अवचित भेट होती. आपल्या ओळखीचं गाव किंवा घर त्यांत सापडत नसे. ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी याचं कारणही देऊन टाकलं आहे. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात, त्यांच्या लग्नाच्या चालीरीतींत, कादंबरीला पुरेल असं मनोरंजक काही घडतच नाही, तेव्हा लेखकाला अद्भुताकडे वळावं लागतं, असा त्यांचा एकंदर आशय होता. या कादंबऱ्यांच्या बरोबरीने रामजी गणोजी यांचं ‘स्त्रीचरित्र’ खपत होतं. त्यात बायकांच्या लबाडीच्या आणि फसवणुकीच्या गोष्टी एकामागून एक सांगितलेल्या होत्या. महादेव बाळकृष्ण चितळे यांचं ‘मनोरमा’ हे नाटकही चर्चेत होतं.

ताराबाईंनी या पुस्तकांची नावं घेऊन त्यांचा समाचार घेतला. त्यांचा मुद्दा सरळ होता. बाई म्हणजे कपट, बाई म्हणजे धाडसी पाप, बाईमुळे घर बुडतं आणि राज्यही बुडतं, हे सगळं कोण लिहितं? पुरुष. साक्षीदार कोण? पुरुष. निवाडा देणाराही तोच. मग त्या वाचकाला तुरुंगाच्या दारात नेऊन उभं करतात. खोटे दस्तऐवज करणारे, लाच खाणारे, विष घालणारे, राजाशी द्रोह करणारे, बंडं उभारणारे, खून पाडणारे हजारोंनी कोंडलेले आहेत, त्यांत बायका किती, असं त्या विचारतात. वाचकाने कथेतल्या दाव्याला बाहेरच्या जगातल्या हिशेबाशी ताडून पाहण्याची ही पद्धत आहे. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांवर निबंध लिहिला होता, आणि पुढे १९०२ साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘कादंबरी’ या लेखात अद्भुताकडून वास्तवाकडे जाणारी वाट तपासली. मराठी कादंबरीच्या समीक्षेचा इतिहास सांगताना ही दोन नावं येतात. त्या दोघांच्या मधल्या काळात बुलढाण्यात बसून कादंबरीतल्या दोषारोपाची उलटतपासणी करणाऱ्या ताराबाईंचं नाव तिथे यायलाच हवं.

त्यांनी हे कोणत्या परिस्थितीत केलं, तेही ध्यानात घ्यायला हवं. बुलढाणा हे तेव्हा इंग्रजी कारभाराखालच्या वऱ्हाडातलं एक लहान ठाणं होतं, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं. आपल्याकडे आजही जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. रेल्वे १८६०च्या दशकात घाटाखालून गेली, मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूने. बुलढाणा वर राहिलं. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे सभासद होते, आणि १८७१ साली त्यांनी स्वतःही इंग्रजीत एक छोटं पुस्तक काढलं होतं. चार भावांमध्ये ही एकच मुलगी. वडिलांनी तिला मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. नवरा घरजावई म्हणून आला. पण घर मराठ्याचं होतं, पडद्याच्या चालीचं, आणि आपण त्या चालीत कोंडलेल्या आहोत हे त्या प्रस्तावनेतच सांगतात. म्हणजे जग पाहण्याची त्यांची खिडकी छापलेल्या कागदाची होती: वर्तमानपत्रं, पोथ्या, नाटकं, कादंबऱ्या. त्या खिडकीतून जे दिसत होतं त्यात बाई सतत गुन्हेगार म्हणून उभी होती.

आणि मग सुरतेची बातमी आली. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. नंतर ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे आणखी कमी झाली. पण दरम्यान ‘पुणेवैभव’सारख्या पत्राने या एका खटल्यावरून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर कोरडे ओढले. विधवेला पुनर्विवाह नाही. तिला या अवस्थेत लोटणारा पुरुष खटल्यात कुठेच नाही. आणि गुन्हेगार मात्र एकटी ती. ताराबाईंनी लेखणी उचलली ती या बातमीवर. रिसबुडांना आपल्या समाजात कादंबरीजोगा विषय दिसत नव्हता, त्यानंतर चौदा वर्षांतच ताराबाईंनी एका कोर्टाच्या बातमीत अख्खं नाट्य वाचलं: लपलेला आरोपी, दडपलेली साक्ष, आणि सगळा दोष एका नावावर टाकून मोकळा झालेला समाज.

पुस्तकावर टीका झाली, ती सत्यशोधकांच्या गोटातूनही झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. ‘स्त्रीपुरुष तुलना’ विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. मध्ये नव्वद वर्षांहून अधिक काळ गेला. या नव्वद वर्षांत मराठी वाचकाने ऐतिहासिक कादंबरीवर जीव लावला, आणि त्या वाचनाला ताराबाईंच्या प्रश्नाची सोबत मिळाली नाही.

ती मिळाली असती तर काय झालं असतं, हे पाहायला मराठीतल्या सगळ्यात प्रसिद्ध कारस्थानाकडे जाऊ. शहर पुणे, वास्तू शनिवारवाडा, तारीख ३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी भर दुपारी वाड्यात मारलं. ‘धरावे’ या शब्दातला ‘ध’ खोडून आनंदीबाईने ‘मा’ केला आणि धरायला निघालेले गारदी मारायला गेले, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचारच होऊन बसला.

आता त्या दिवसाची हकीकत पाहा. नारायणरावाचे काका आणि आनंदीबाईचे नवरे रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. गादीचा वाद जुना होता, माधवराव पेशव्यांच्या काळापासून धुमसणारा. गारद्यांचा पगार थकला होता आणि वाड्याचा पहारा त्यांच्याच हाती होता. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसूफ हे त्यांचे म्होरके. तुळाजी पवार हा रघुनाथरावांचा खास माणूस. त्या सकाळी पर्वतीवर नारायणरावाला धोक्याची सूचना मिळाली होती, त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलंही होतं, पण तो वेळेत झाला नाही. गारदी पगाराच्या मागणीचा गोंधळ करत आत घुसले. नारायणराव काकांच्या दालनाकडे धावला, त्यांच्या गळ्यात पडला, तिथून तुळाजीने त्याला ओढलं. आडवा आलेला सेवक चापाजी टिळेकर त्याच्यासोबतच कापला गेला.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि मुख्य दोष रघुनाथरावांवर ठेवला. रियासतकार सरदेसाई यांनी दिलेल्या तपशिलात या कटातले प्रमुख दोषी ४९ आहेत: १३ गारदी, २६ ब्राह्मण, ७ मराठे, ३ प्रभू. एकोणपन्नास माणसं! कारकून, पहारेकरी, सरदार, मध्यस्थ. एवढ्या माणसांना महिनोन्‌महिने भेटावं लागलं असेल, पैसे ठरवावे लागले असतील, गप्प राहावं लागलं असेल. आणि लोकांच्या आठवणीत उरलं एक नाव, तेही एका बाईचं. ज्या कागदावर अक्षर बदललं असं सांगतात तो कागद कोणी आजवर पुढे आणलेला नाही. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारण जाणत होत्या, नवऱ्याच्या हक्कासाठी झगडत होत्या, यात शंका नाही; त्यांना कटाची कल्पना असणं शक्य आहे. पण शक्यता आणि पुरावा यांच्यातलं अंतर या गोष्टीने एका अक्षरात ओलांडलं.

असं का होतं, याचं कारण कथेच्या रचनेत आहे. एकोणपन्नास माणसांचा कट लक्षात राहत नाही. थकलेला पगार, पहाऱ्याची ढिलाई, घराण्यातला जुना वाद, ही कारणं खरी असली तरी ती हळूहळू साचत जाणारी असतात, आणि रहस्यकथेला एक क्षण लागतो. एक खोली, एक दौत, एक हात. ‘ध’चा ‘मा’ होण्यात हे सगळं आहे. शिवाय या गोष्टीत एक सोयही आहे. रघुनाथराव म्हणजे अटकेपर्यंत गेलेला राघोभरारी. त्या पराक्रमी पुरुषाने पुतण्याला मारवलं, हे मनाला पटवून घेण्यापेक्षा त्याने फक्त ‘धरावे’ लिहिलं होतं असं मानणं सोपं जातं. बाईवर दोष गेला की वीर सुटतो. रंगभूमीवर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९ साली, आणि पडद्यावर प्रभातच्या ‘रामशास्त्री’ने १९४४ साली, हा प्रसंग घरोघरी नेला. दोन्ही कलाकृती मोठ्या आहेत आणि न्यायाधीशाचं धैर्य त्यांनी मराठी मनावर कोरलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी त्यातली आनंदीबाई पाहताना ताराबाईंचा तुरुंगाच्या दारातला प्रश्न आठवतो. खोटे दस्तऐवज करणाऱ्यांत बायका किती?

वाचकाने कथेला असं उलट विचारणं ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. डॅन ब्राऊन यांची ‘द दा विंची कोड’ २००३ साली आली आणि पॅरिस शहर हातात कादंबरी घेतलेल्या प्रवाशांनी भरलं. लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडला ६६६ काचा आहेत असं कादंबरी सांगते. प्रत्यक्षात त्या ६७३ आहेत. सां-सुल्पिस चर्चमध्ये लोक जमिनीवरची पितळी रेघ शोधत येऊ लागले, तेव्हा ती रेघ खगोलीय मोजणीसाठी घातलेली आहे, कुठल्या प्राचीन देवळाची खूण नाही, अशी सूचना चर्चला लावावी लागली. कादंबरीचा आधार असलेला ‘प्रायरी ऑफ सायन’ हा गुप्त पंथ प्राचीन नव्हताच, पिएर प्लांतार या गृहस्थाने १९५६ साली तो नोंदवला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ बनावट कागद राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले. वाचकांचे दोन तट पडले: चुका मोजणारे आणि गोष्ट आवडलेले. पण तिसराही एक वर्ग होता, विशेषतः स्त्रियांचा. मेरी मॅग्डालीनला शतकानुशतकं पतिता ठरवणारी समजूत बायबलच्या मजकुरावर उभी नाही, सहाव्या शतकातल्या पोपच्या प्रवचनाने ती रुजवली, ही गोष्ट या कादंबरीच्या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदा कळली. पुस्तकातला कट खोटा निघाला, पण एका बाईवर ठेवलेला आळ वाचकांनी पुन्हा तपासला. मराठीतही प्रकाश कोयाडे यांच्या ‘प्रतिपश्चंद्र’सारख्या गुप्त रहस्याच्या कादंबरीला तरुण वाचक मोठ्या संख्येने मिळाला. त्या वाचकाला हलकं लेखणं मला मान्य नाही. कुतूहलाने किल्ला किंवा लेणी पाहायला निघालेला वाचक एक पायरी पुढे गेला की कागदपत्रांपर्यंत पोचतो. त्याला तिथे नेणारा प्रश्न कोणीतरी हाती द्यावा लागतो, एवढंच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचं जन्मगाव. दरवर्षी १२ जानेवारीला तिथे लाखोंची गर्दी होते आणि पुस्तकांची दुकानं रांगेने लागतात. लखुजी जाधवरावांचा राजवाडा, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, नीळकंठेश्वर, आणि लखुजीराजांची भव्य समाधी. हे छोटं गाव कधीकाळी दख्खनच्या राजकारणातलं एक वजनदार ठाणं होतं. २०२४च्या जूनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या नागपूर मंडळाने या समाधीच्या परिसरात जतनाचं काम करताना आधी एका जुन्या मंदिराचा पाया पाहिला आणि मग सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूचं शिल्प बाहेर काढलं. लांबी १.७० मीटर, उंची १ मीटर, काळसर मऊ शिस्ट दगडातलं, लक्ष्मी पाय चेपते आहे आणि पाठीमागे समुद्रमंथनाचे प्रसंग कोरलेले आहेत. बातमी वाचून अनेकांच्या मनात रहस्यकथा सुरू झाली असेल, आणि ते स्वाभाविक आहे. पण या गावाचं खरं रहस्य समाधीच्या आजूबाजूला नाही, ज्यांची ती समाधी आहे त्यांच्या मरणात आहे.

लखुजी जाधवराव निजामशाहीतले बडे सरदार. १६२१च्या सुमारास ते मोगलांकडे गेले. ‘बादशहानामा’ सांगतो त्याप्रमाणे जाधव कुटुंबाच्या सगळ्या पुरुषांना मिळून मोगलांनी चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वारांच्या मनसबी दिल्या होत्या. आकडा कागदोपत्री मानाचा असला तरी त्यावरून घराण्याचं वजन कळतं. पुढे ते पुन्हा निजामशाहीकडे परतले. १६२६ साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर वारला होता. त्याच्या पश्चात बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात कोणाचाच कोणावर विश्वास उरला नव्हता. दोनदा बाजू बदललेला, स्वतःची मोठी फौज बाळगणारा सरदार अशा दरबारात कायम संशयाखाली असतो.

२५ जुलै १६२९. दौलताबादचा किल्ला. लखुजी मुलांसह भेटीला आले. ‘बादशहानामा’कार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो त्याचा सारांश असा: निजामशहाचा बेत त्यांना कैद करण्याचा होता. दबा धरून बसलेले लोक एकदम पुढे आले आणि त्यांना बांधू लागले. जाधवांनी तलवारी उपसल्या. चकमकीत लखुजी, त्यांचे दोन मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव असे चौघे ठार झाले. धरायला गेले आणि मारून आले, म्हणजे ‘ध’चा ‘मा’ इथे जवळपास दीडशे वर्षं आधी घडला, आणि त्यासाठी कोणाला अक्षर खोडावं लागलं नाही. मोगल इतिहासकार अर्थात मोगलांच्या सोयीने लिहितो. निजामशहाला दगाबाज ठरवण्यात त्याचा फायदा होता. तरी कैदेचा बेत होता हे तोच नोंदवतो, हे महत्त्वाचं. शत्रूची साक्ष जिथे शत्रूचा दोष थोडा हलका करते तिथे ती अधिक विश्वासाने घ्यावी, हा इतिहासवाचनाचा जुना नियम आहे.

या वेळी लखुजींच्या कन्या जिजाऊ गरोदर होत्या. सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३०ला, शिवनेरीवर शिवराय जन्मले. वडील, दोन भाऊ आणि भाचा एका दिवसात गेले, आणि ज्याच्या दरबारात गेले त्याच्याच चाकरीत नवरा होता. शहाजीराजांनी पुढे काही काळ निजामशाही सोडून मोगलांची बाजू घेतली, त्यामागच्या कारणांत हे हत्याकांड मोजलं जातं.

आता ताराबाईंचा प्रश्न इथे लावून पाहा. या घराण्याच्या गोष्टी जेव्हा जेव्हा सांगितल्या गेल्या तेव्हा दोष कोणाकडे गेला? रंगाच्या सणाची कथा घ्या. सिंदखेडच्या वाड्यात लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवत होते, लखुजी गमतीने म्हणाले जोडा शोभतो, शहाजींचे वडील मालोजी यांनी भर सभेत तो शब्द पक्का धरला. उत्तरकालीन बखरींतली ही कथा ग्रँट डफनेही घेतली, आणि वाड्यातला रंगमहाल त्या प्रसंगाची जागा म्हणून आजही दाखवतात. पुढे लखुजींनी शब्द फिरवला. का? तर त्यांची बायको संतापली. भोसल्यांचं घराणं आपल्या बरोबरीचं नाही म्हणून तिने नवऱ्याला बोल लावला. दोन सरदारांच्या प्रतिष्ठेचा, जहागिरीचा आणि दरबारातल्या मानाचा तिढा एका बाईच्या हट्टावर आणून बसवला. भोसले-जाधवांचं वैर पुढे भडकलं ते खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याच्या प्रसंगात, आणि त्यात दोन्हीकडची तरुण माणसं गेली अशी परंपरेची हकीकत आहे. तिथे तलवारी पुरुषांच्या होत्या. पण वैराचं मूळ सांगताना बखरीला घरातली बाई सापडते.

निजामशाही दरबाराचंही तेच. त्या काळातल्या मोगल तवारिखांत हमीदखान या हबशी सरदाराच्या बायकोची गोष्ट येते. ती हलक्या घरातली, तिने निजामशहाच्या अंतःपुरात शिरकाव करून घेतला, नवऱ्याच्या हाती कारभार दिला, आणि दरबार बिघडला. त्याच तवारिखा हेही सांगतात की आदिलशाही फौज चालून आली तेव्हा ही बाई स्वतः सैन्य घेऊन गेली आणि जिंकून आली. एवढं कर्तृत्व नोंदवूनही तिचं नाव मात्र त्या हकिकतीत येत नाही. ती हमीदखानाची बायकोच राहते. राज्य बुडण्याचं कारण म्हणून ती पुढे केली जाते, राज्य वाचवल्याचं श्रेय मात्र एका ओळीत संपतं.

लखुजींच्या हत्येवर मराठी लेखकांनी अनेकदा लिहिलं आहे. बहुतेक वर्णनांत तो प्रसंग जिजाऊंच्या दुःखापाशी येऊन थांबतो, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण पुढची कथा शिवरायांची आहे. पण त्या दिवशी खुद्द दौलताबादला एक बाई होती. लखुजींची पत्नी. आपल्याकडच्या परंपरेत तिला म्हाळसाबाई म्हणतात. फारसी कागदात गिरजाई असं नाव येतं. रंगाच्या सणाच्या गोष्टीत गर्विष्ठ ठरवलेली बाई हीच. लाहोरी तिचं नाव घेतो आणि ती काय करते तेही सांगतो. नवरा, दोन मुलगे आणि नातू मारले गेल्याची बातमी येताच तिने दीर जगदेवराव आणि मुलगा बहादुरजी यांच्यासह दौलताबाद सोडलं आणि ती मंडळी सिंदखेडला पोचली. निजामशहाने समजुतीचे निरोप पाठवले. जाधवांनी ते फेटाळले आणि शहाजहानकडे अर्ज करून मोगली चाकरी पुन्हा मिळवली. चौघांची प्रेतं शत्रूच्या किल्ल्यात, मागे पाठलागाची भीती, समोर बाजू बदलल्याचा जुना डाग पुसून बादशहाची माफी मिळवायची गरज. या सगळ्यातून घराणं आणि सिंदखेडचं वतन टिकलं.

त्या आठवड्यांत काय ठरलं, कोणी ठरवलं, निजामशहाच्या निरोपाला नकार कोणाच्या तोंडून गेला, याची कादंबरी अजून कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. तिला गुप्त खजिना लागणार नाही, खोडलेलं अक्षरही लागणार नाही. ‘बादशहानामा’तल्या मोजक्या ओळी, सिंदखेडचा राजवाडा आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ची एक प्रत जवळ असलेला लेखक पुरे. आमच्या जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी मिळतात.